ड्राय आईस ब्लास्टिंग: भोसरीच्या रबर मोल्डिंग शॉपमधला अनुभव

पावसाळ्याआधी ड्राय आईस (गोठवलेला कार्बन डायऑक्साईड) हवेच्या प्रेशरने मारून मोल्ड, म्हणजे साचे, साफ करायचं मशीन घेतलं, आता दिवाळी पण झाली, म्हणून म्हटलं लिहून टाकू. आमचं भोसरी एमआयडीसीत रबर मोल्डिंगचं काम आहे, ऑईल सील, ग्रोमेट असले पार्ट. आधी मोल्ड साफ करायचा म्हणजे प्रेसवरून उतरवा, गार होऊ द्या, केमिकलमध्ये टाका, वायर ब्रशने घासा, परत चढवा आणि तापेपर्यंत थांबा, अख्खी शिफ्ट त्यातच जायची. आता मोल्ड प्रेसवर गरम असतानाच ब्लास्ट मारतो आणि गरम असला की उलट लवकर निघतं, कारण बर्फ उणे ७८.५ डिग्रीचा न् मोल्ड दीडशेच्या वर, त्यामुळे वरचा जळका थर आकसून तडकतो आणि हवेच्या प्रेशरने उडून जातो. बर्फाचे ३ मिमीचे पेलेट (दाणे) आदळले की थेट गॅस होतात, पाणी नाही, वाळू नाही, निघालेली घाण तेवढी झाडून घ्यायची.

मला सगळ्यात पटलं ते पार्टिंग लाईनचं, म्हणजे मोल्डचे दोन भाग जुळतात त्या कडेचं. ब्रशने घासून घासून तिथली धार गोल होते आणि मग प्रत्येक पार्टला फ्लॅश (कडेला जादा रबराची पापडी) यायला लागतो. ड्राय आईस स्टीलपेक्षा कितीतरी मऊ, धार तशीच राहते. व्हेंटच्या (हवा बाहेर जायच्या) बारीक खाचांत काळं बसलेलं असायचं, सुईने टोकरावं लागायचं, ते पण साफ निघतं. जाड गंजासाठी मात्र घेऊ नका.

आता सेफ्टी, हे नीट वाचा. हाताला चटका बसतो हे सगळ्यांना माहीत असतं, थर्मल ग्लोव्हज घालतात, पण गॅसकडे कोणी बघत नाही. कार्बन डायऑक्साईड हवेच्या दीडपट जड, तो खाली साठतो आणि आमच्या प्रेसखाली पिट (खड्डा) आहे. नवीन हेल्पर म्हणाला, "दादा, वास तर काहीच येत नाही." अरे बाबा, येणारच नाही! म्हणून मीटर खालच्या उंचीवर लावलाय, अलार्म ५००० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५००० भाग गॅस, ८ तासांच्या शिफ्टची मर्यादा तीच), शटर उघडं, एक्झॉस्ट चालू आणि ब्लास्टिंग चालू असताना पिटमध्ये कोणीही उतरायचं नाही. डोकं जड झालं, धाप लागली की गन सोडून आधी बाहेर. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, ईअरमफ आणि फेस शील्ड हवंच. स्टॅटिक (स्थिर वीज) तयार होतं, अर्थिंगची वायर लावल्याशिवाय सुरूच करू नका.

पुण्याच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरची हवा ओलसर येते न् होज (नळी) चोक होतो, त्यामुळे एअर ड्रायरचे पैसे वाचवू नका. गार मोल्डवर मारलं तर दव धरतं, लगेच पुसून ऑईल लावायचं नाहीतर गंज.

बर्फ थर्माकोलच्या पेटीत येतो. झाकण टेप मारून पॅक करायचं नाही, आत गॅसचं प्रेशर होऊन पेटी फुटते. स्वतःच्या कारमध्ये काचा लावून तर अजिबात आणू नका. आणि बर्फ ठेवला की गॅस होऊन उडत राहतो, त्यामुळे गुरुवारच्या सुट्टीच्या तोंडावर मागवू नका, कुठले मोल्ड घ्यायचे ते आधी ठरवा मग ऑर्डर द्या. महिन्याला दोन-चारच मोल्ड असतील तर मशीन न घेता बाहेरून जॉबवर करून घेतलेलं परवडेल.