लाईट आल्यावर सर्व्हर आपोआप मार्गी लागतो का? सिस्टमडी पावसाळाभर वापरून

मंगळवार पेठेतल्या घरी एक जुना मिनी पीसी सर्व्हर म्हणून चालतो. डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार), त्यात मशीन चालू होताना बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणारं आणि सांभाळणारं सिस्टमडी, आणि नेटवर्क सांभाळायला त्याचंच सिस्टमडी-नेटवर्कडी. त्यावर घरचे फोटो, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि उद्यमनगरात भावाचं वर्कशॉप आहे त्याची ड्रॉइंग. घराला पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता) नाही, त्यामुळं घर आणि वर्कशॉप दोन्ही एका भाड्याच्या क्लाउड मशीनला वायरगार्डनं (इंटरनेटवरून खासगी जोडणी करणारं व्हीपीएन) जोडलेत.

पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा नाही. वीज आली की मशीन आपोआप चालू व्हावं, अशी बायोसमध्ये सेटिंग आहे. खरी गंमत त्यानंतर. एसएसडीमुळं मशीन झटक्यात उठतं, तेव्हा फायबरच्या डब्यावरचा लाल दिवा अजून लुकलुकतच असतो. आरसी.लोकल या मशीन चालू होताना पळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फाईलमधली, वायरगार्ड जोडणारी स्क्रिप्ट तेवढ्यात पळून, नापास होऊन गप्प बसलेली. मग सकाळी भावाचा फोन, "दादा, फाईली उघडंनात." स्क्रिप्टमध्ये स्लीप 60 (साठ सेकंद थांब) घालणं म्हणजे अंदाजपंचे, कधी पुरतं, कधी नाही.

आता त्या जागी सिस्टमडीची वनशॉट सर्व्हिस (एकदा काम उरकून संपणारी) आहे. तिच्या फाईलमध्ये नुसतं आफ्टर लिहून भागत नाही, त्यानं फक्त क्रम ठरतो. नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट (टार्गेट म्हणजे मशीन चालू होतानाचा एक टप्पा) प्रत्यक्षात ओढून आणायला वॉन्ट्सची ओळही लागते. आणि नुसत्या नेटवर्क टार्गेटवर तर अजिबात विसंबू नका, त्याचा अर्थ नेट आलं असा होतच नाही. खरं तर ऑनलाइनचाही होत नाही. माझ्या सर्व्हरला स्टॅटिक (कायमचा ठरवून दिलेला) आयपी आहे. केबलला लिंक मिळाली की सिस्टमडीच्या हिशेबी आपण ऑनलाइन, मग राउटरच्या पलीकडं अंधार का असेना. क्लाउड मशीनच्या नावाचा आयपी डीएनएसमधून (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) मिळत नाही आणि वायरगार्ड उभं राहत नाही. (नावाऐवजी थेट आयपी टाकला तर वायरगार्ड नेट येईपर्यंत स्वतःच खटपट करत राहतं. पण क्लाउड मशीन बदललं की दोन्हीकडं दुरुस्ती आली.)

म्हणून सगळी भिस्त रीस्टार्ट=ऑन-फेल्युअरवर, म्हणजे नापास झालं की पुन्हा सुरू कर. वनशॉटला ते सिस्टमडीच्या आवृत्ती 244 पासून चालतं, डेबियन 12 मध्ये 252 आहे. इथं एक खाच आहे. रीस्टार्टसेक दिलं नाही तर मधली विश्रांती फक्त 100 मिलिसेकंद. लगेच नापास होणारी स्क्रिप्ट पाच प्रयत्न डोळ्याची पापणी लवेपर्यंत उडवते, आणि 10 सेकंदांत पाच ही मर्यादा संपली की सिस्टमडी हात वर करतं. रीस्टार्टसेक 20 ठेवलं की त्या मर्यादेला धक्काच लागत नाही. लाईट जाऊन आल्यावर जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदी दाखवणारी कमांड) बघितलं, तर दोन-चार नापास प्रयत्न आणि खाली एक यशस्वी, असंच दिसतं. हे लय भारी काम झालंय. भावाचे फोन थांबले.

फायरवॉलचे नियम मात्र यात कोंबू नका. त्यांना नेट लागतच नाही, उलट ते नेटच्या आधी बसायला हवेत. त्यासाठी नेटवर्क-प्री टार्गेट (नेटवर्क उभं राहण्याआधीचा टप्पा), बिफोरच्या ओळीसकट.

दोन लॅन पोर्ट असतील तर रिकाम्या पोर्टची वाट बघत वेट-ऑनलाइन (ऑनलाइन होईपर्यंत थांबणारी सिस्टमडीची सर्व्हिस) दोन मिनिटं अडून राहतं. त्या पोर्टच्या फाईलमध्ये रिक्वायर्डफॉरऑनलाइन=नो लिहिलं की सुटका.

तक्रार एकच. क्लाउड मशीनचा आयपी मध्येच बदलला तर ही सर्व्हिस ढिम्म हलत नाही; तिच्या लेखी काम कधीच उरकलंय. त्यासाठी वायरगार्डसोबत येणारी नाव पुन्हा शोधणारी छोटी स्क्रिप्ट वेगळ्या टाइमरवर लावावी लागली.