लिज्जतचा उडीद-मिरी पापड: चवीला पाच, कारभाराला साडेचार

आमच्याकडे वरणभाताशी पापड लागतोच, आणि तो मिरी घातलेला उडदाचा लिज्जतच. थेट गॅसवर धरा, चिमट्याने भराभर फिरवा; आधी कडा वळते, मग मध्ये बारीक फोड येतात. तळला की मिऱ्याचा ठसका दबतो, म्हणून मी भाजूनच खाते. लाटणारे हात हजारो, तरी जाडी मात्र एकसारखी. नोकरी एचआरमधली असल्याने मला चवीइतकंच याचं कुतूहल.

१५ मार्च १९५९ ला गिरगावात लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन हे सुरू केलं. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी खाट आणि स्टोव्ह आणला: खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. कुठल्या कन्सल्टंटला सुचलं असतं?

इथे लाटणारी बाई नोकर नाही, सभासद. सगळ्या एकमेकींच्या ‘बहन’. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. तिथे तपासणी, वजन आणि हातोहात लाटणावळ. व्यवस्थापन समिती २१ जणींची, शाखेला संचालिका, आणि त्याही सभासद बहनांमधल्याच. पुरुषांना पगारी नोकरी मिळते, सभासदत्व नाही. नफातोटा सगळ्यांचा, त्यामुळे पापड जाडाभरडा झाला तर खिसा आपलाच कापला जातो, हे कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या कंपनीत ‘ओनरशिप घ्या’चं पोस्टर भिंतीवर आहे, संचालक मंडळात शॉपफ्लोअरवरचं एकही माणूस नाही. मग युनियनशी बोलणी अडली की सगळे एचआरकडे बघतात.

एक मात्र खटकतं. लाटणावळ किलोवर. मनगट धरलं, पोर तापाने फणफणलं, त्या दिवशी लाटणं नाही तर लाटणावळही नाही. मालकीणपणाचा मान खरा, पण आजारपणात मालकिणीलाही घर चालवायचं असतं. अर्धा गुण कापला तो त्यासाठी.

पहिल्यांदा घेत असाल तर उडीद-मिरीच घ्या. लसणाचा नंतर.