जुन्या आरोग्य अहवालाची बांधीव प्रत : सीताबर्डीतील छपाईसेवेचा अनुभव

मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सॅनिटरी कमिशनरचा (प्रांताच्या आरोग्य खात्याच्या प्रमुखाचा) १९१८ सालचा वार्षिक अहवाल संगणकाच्या पडद्यावर वाचणे डोळ्यांना झेपेना, म्हणून नागपुरातील सीताबर्डीच्या एका दुकानातून मी त्याची छापील, कापडी बांधणीची प्रत करून घेतली. कागद जाड व किंचित पिवळसर आहे, शिवण पक्की आहे आणि पुस्तक टेबलावर सपाट उघडे राहते; मजकुराच्या पानांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार होती ती तक्त्यांबद्दल, आणि अशा अहवालाचा जीव तक्त्यांतच असतो. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यावर देई. तेथून ती जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनकडे आणि पुढे प्रांताच्या कचेरीत पोचे. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व आमांश, श्वसनाचे विकार असे मृत्यूच्या कारणांचे रकाने असत. कारण सांगणारा पहिला माणूस वैद्य नसून बहुधा निरक्षर कोतवाल असल्यामुळे देवीचे फोड किंवा प्लेगची गाठ ओळखली जाई, पण उरलेली कितीतरी मरणे ‘तापा’च्या रकान्यात जाऊन पडत. १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत हा प्रांत देशात सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता, आणि त्या साथीचे बहुतेक मृत्यूही तापातच नोंदले गेले. म्हणून या एका रकान्याचे महिनेवार आकडे आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्याशिवाय आपल्या जिल्ह्यावर काय गुदरले, याचा अंदाज येत नाही.

नेमके तेच पहिल्या प्रतीत अशक्य होते. आडवे तक्ते उभ्या पानात बसवल्याने ३ आणि ८ यांतला फरक दिसत नव्हता, आणि उजव्या कडेचा बेरजेचा रकाना कापला गेला होता. दाखवल्यावर दुकानदारांनी वाद घातला नाही. सर्व तक्ते मोठ्या, घडी घालून बसवलेल्या कागदावर पुन्हा छापले आणि जादा पैसे न घेता नवी बांधणी करून दिली. त्यात आठवडा गेला, तरी मी त्यांच्याकडे पुन्हा काम देईन.

मात्र असे अहवाल छापून घेणाऱ्यांनी बांधणीपूर्वी सर्वांत रुंद तक्त्याचे एक पान नमुन्यादाखल मागावे आणि त्यातली ऑक्टोबरच्या, म्हणजे साथीच्या ऐन भराच्या महिन्यातल्या, तापाची ओळ भिंगाशिवाय वाचता येते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.