गुडघा बदलल्यानंतरचा व्यायाम: घरी की फिजिओथेरपी केंद्रात?

टाके निघाले की रोज केंद्रात जायचं की घरीच भागवायचं, हा पेच बहुतेकांना पडतो.

खर्च आणि दगदग पाहिली तर घरच सरस. खुर्ची आणि टॉवेलची गुंडाळी एवढं पुरतं. पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू 5 सेकंद आवळायचा, असं 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा. मग कापडात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं.

अचूकतेत मात्र घर मागे पडतं. दुखतं म्हणून लोक गुडघ्याखाली उशी घेतात आणि पाय पूर्ण सरळ होणंच राहून जातं. गुंडाळी टाचेखाली हवी! केंद्रात कोन मोजतात. सहा आठवड्यांनीही गुडघा 90 अंशांपर्यंत वाकत नसेल, तर सर्जनला वेळेत कळतं. यंत्रांच्या झगमगाटाला भुलू नका, कोनमापक वापरतात का ते बघा.

वाकणं वाढतंय आणि सोबतीला कुणी आहे, त्यांना घर पुरे. अधूनमधून तपासणी तेवढी ठेवा. पाय सरळ होत नाही, तोल जातो किंवा व्यायामाचा कंटाळा आहे, त्यांनी केंद्रच धरावं. पोटरी सुजून दुखू लागली, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठा.