पाऱ्याशिवायचं बीपी मशीन: आठ महिने वापरल्यावर

बत्तीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, सगळी परभणी जिल्ह्यात. आता रिटायर झाले तरी गंगाखेडजवळच्या आमच्या गावात सकाळी ओसरीवर चार-पाच बाया बीपी दाखवायला येतातच. त्यात गरोदर बाया जास्त. इतकी वर्षं पाऱ्याचं मशीन वापरलं. मागच्या उन्हाळ्यात परभणीच्या एका सर्जिकल दुकानातून पाऱ्याशिवायचं घेतलं, ३,४०० रुपयांना. कसं निघालं, ते ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी लिहिते.

दिसायला ते जुन्यासारखंच आहे. उघडायचं झाकण, पट्टा, रबरी फुगा, सगळं तसंच. फक्त काचेच्या नळीच्या जागी स्क्रीनवर काळी पट्टी वर चढते आणि खाली उतरते. बीपी मात्र आपणच स्टेथो लावून घ्यायचं. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज थांबला तो खालचा. मला हेच हवं होतं. बटण दाबलं की आपोआप फुगणारी मशीनं गरोदर बाईच्या बाबतीत सगळीच भरवशाची नसतात. प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या आजारात, काही मशीनं बीपी कमी दाखवतात. आणि १४०/९० च्या जागी १३०/८४ वाचून मी एखादीला घरी पाठवलं तर?

म्हणून आधी पडताळा घेतला. दुकानातल्या पोरानं तीन तोंडांचा जोड दिला. एकच पट्टा जुन्या आणि नव्या मशीनला एकदम जोडला आणि पंधरा दिवस येईल तिचं बीपी दोन्हींवर बघितलं. बहुतेक वेळा २ चा फरक, एकदा ४ चा. हवा सावकाश सोडावी लागते, सेकंदाला २-३ आकडे. घाईनं सोडली तर पट्टी टप्पे गाळत उतरते.

बायांना पटायला वेळ लागला. "सिस्टर, ह्यात पारा दिसंना की. पाऱ्याबिगर खरं सांगतंय का हे?" पहिल्या आठवड्यात हे रोज ऐकलं. त्यांना समजावता समजावता मीच खोलात गेले.

१९९४ साली माझ्या हातून घरात थर्मामीटर फुटला होता. धाकटा दोन वर्षांचा, चकाकते मणी तळहातावर घेऊन खेळला. मी केरसुणीनं झाडून सगळं नालीत लोटलं. केरसुणीनं मणी आणखी बारीक होतात, वाफ वाढते आणि ती श्वासातून आत जाते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. खिडक्या उघडून, जाड कागदानं मणी गोळा करून, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायचे असतात. थर्मामीटरमध्ये एखाद ग्रॅम पारा असतो. बीपीच्या मशीनमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास.

आणि नालीतला पारा तिथंच राहत नाही. पाण्याखालच्या गाळात जिवाणू त्याचा मिथाईल मर्क्युरी, म्हणजे आणखी विषारी प्रकार, करतात, तो माशात साठतो, लहान माशातून मोठ्या माशात वाढत जातो. जपानमध्ये मिनामाता गावी एका कारखान्यानं १९३२ पासून १९६८ पर्यंत हेच विष मिसळलेलं पाणी खाडीत सोडलं. आधी मांजरं झटके येऊन मेली, मग माणसं. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. माझा जीव कालवला तो पुढचं वाचून. ज्या आयांना स्वतःला फारसा त्रास दिसत नव्हता, त्यांची लेकरं मेंदूला इजा घेऊन जन्मली. वारेतून विष पोटातल्या बाळाकडे गेलं होतं. बत्तीस वर्षं मी पोटुशी बाई जपायला जे मशीन मांडीवर घेऊन बसले, त्याच्या नळीत तोच धातू होता.

त्या गावाच्या नावानंच जगातल्या देशांनी करार केला, १० ऑक्टोबर २०१३ ला, जपानच्याच कुमामोतोत. १६ ऑगस्ट २०१७ ला तो लागू झाला आणि २०१८ मध्ये भारतानं त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर, बीपी मशीनं, काही बॅटऱ्या, गोरं करणारी पाऱ्याची क्रीमं, हे बनवणं आणि देशाबाहेर पाठवणं-आणणं थांबवायला २०२० ची मुदत होती. आपण २०२५ पर्यंत सवलत घेतली. म्हणजे नवं पाऱ्याचं मशीन यायचं बंद, पण घराघरांत, दवाखान्यांत पडलेल्या जुन्याचं काय, हे दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "द्या की, दोनशे कमी करतो, भंगारवाला नेतो." भंगारवाला ते फोडणार आणि पारा मातीत. मी मशीन परत घेऊन आले. दुकान चांगलं, पण या एका गोष्टीचे गुण मी देणार नाही. नवं विकणाऱ्यानं जुनं नीट घेतलंच पाहिजे.

आता मशीनचे दोष. उन्हात स्क्रीन वाचता येत नाही, ओसरीच्या कडेला बसून उपयोग नाही, आत सरकावं लागतं. सेल उतरले की आकडे लुकलुकतात. तेव्हा घेतलेलं बीपी मी धरत नाही, सेल बदलून पुन्हा घेते. दोन सेल साधारण तीन महिने गेले. फुगा मे महिन्यात कडक झाला होता, आता ठीक आहे. सगळ्यात मोठी उणीव पट्ट्याची: सोबत एकच मधल्या मापाचा येतो. जाड दंडाला तो आखूड पडतो आणि बीपी उगाच जास्त दाखवतो. मोठा पट्टा वेगळा, ६५० रुपये. घेताना तो सोबतच मागा. वर्षाला एकदा मशीन तपासून आणायचं आहे, त्यासाठी दुकानवाले पुण्याला पाठवतात.

जुनं मशीन मी पाऱ्याचा खटका बंद करून, झाकणाला चिकटपट्टी लावून, स्टीलच्या डब्यात उभं ठेवलंय, लेकरांचा हात पुरणार नाही असं. तालुक्याच्या एका डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या दवाखान्याच्या धोकादायक कचऱ्यासोबत ते रीतसर पाठवायचं कबूल केलंय. गावातले अजून दोन थर्मामीटर त्याच डब्यात आणून ठेवलेत. आणखी कुणाकडे असेल तर कचऱ्याची गाडी जायच्या आत माझ्याकडे द्या, मी घ्यायला येईन.