स्पर्धेचे नाटक की प्रायोगिक गट? वाचनाला जाण्यापूर्वी

पुण्यात नोकरी सांभाळून नाटकात काम करू इच्छिणाऱ्या माणसाला पावसाळा सुरू झाला की दोन प्रकारची बोलावणी येऊ लागतात. पहिले असते राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या जुन्या हौशी संस्थेचे: नवीन संहिता हाती आली आहे, रविवारी वाचन ठेवले आहे, येऊन बसा. दुसरे असते एखाद्या प्रायोगिक गटाचे: आगामी नाटकासाठी कलाकार हवे आहेत, अर्ज भरून पाठवा, ऑडिशनची वेळ कळवली जाईल. मी या दोन्ही ठिकाणी काम केले आहे आणि आता बहुधा एकाच ठिकाणी जातो. विंग, एंट्री, उभी तालीम हे शब्द ज्यांना समजावून सांगावे लागत नाहीत, पण यंदा कोणाला होकार द्यावा हे ज्यांचे ठरत नाही, अशांसाठी हा आढावा आहे.

पात्रनिवडीच्या बाबतीत प्रायोगिक गट निःसंशय सरस ठरतात. तिथे ऑडिशन खरोखरीची असते. तुम्हाला ओळखणारे कोणी नसले तरी तुमचे पाच-दहा मिनिटे नीट ऐकून घेतले जाते. आधी तुमच्या पसंतीचा उतारा, मग दिग्दर्शकाने दिलेला, आणि शेवटी दोघा-तिघांना एकत्र उभे करून एखादा प्रसंग जागच्या जागी रचायला सांगतात. मला एकदा, घर विकायला निघालेल्या भावाशी एकही शब्द न बोलता भांडायला सांगितले होते. असा प्रश्न स्पर्धेच्या संस्थेत मला आजवर कोणी घातलेला नाही. तिथे ऑडिशन असा शब्दही फारसा उच्चारला जात नाही. शाळेचा वर्ग, कडेला सारलेले बाक, मधोमध सतरंजी, झेरॉक्स काढलेल्या संहितेच्या तीन-चार प्रती आणि त्या हातोहात फिरवत केलेले वाचन, असा तो कार्यक्रम असतो. दिग्दर्शकाच्या मनात निम्म्या भूमिका आधीच वाटून झालेल्या असतात आणि हे सर्वांना ठाऊक असते. नवख्याला पहिल्या वर्षी बहुधा पोस्टमन, शेजारी किंवा इन्स्पेक्टर मिळतो, आणि नाहीच काही मिळाले तर संगीत ऑपरेट करण्याचे काम मिळते. ज्याला आपली पारख व्हावी असे मनापासून वाटते त्याने याचा राग मानणे स्वाभाविक आहे.

तरीही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. प्रायोगिक गटांतील मंडळी बव्हंशी पुरुषोत्तम करंडकाच्या मुशीतून आलेली असतात. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ साली सुरू केलेल्या त्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेने पुण्याला पिढ्यान्‌पिढ्या नट आणि दिग्दर्शक पुरवले. महाविद्यालय सुटले की तीच मुले गट काढतात, आणि साहजिकच त्यांची नाटकेही त्यांच्याच वयाची असतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला तिथे बाप, बॉस किंवा एखादी अमूर्त वृत्ती यांपैकी काहीतरी व्हावे लागते. स्पर्धेच्या संस्थेचे गणित उलटे आहे. तिथे संहिता निवडतानाच पहिला प्रश्न विचारला जातो तो हाताशी माणसे कोणती आहेत हा, त्यातही स्त्री-पात्रे किती आहेत हा. पन्नाशीच्या दोन बाई उत्तम काम करतात, म्हणून त्यांना साजेसे नाटक शोधले जाते किंवा लिहवून घेतले जाते. याला कोणी तडजोड म्हणेल. मला तो व्यवहारी शहाणपणा वाटतो, कारण त्यामुळे संस्थेतील प्रत्येकाला दोन-तीन वर्षांतून एकदा तरी मनाजोगती भूमिका मिळते.

स्पर्धेची नाटके बाळबोध आणि प्रायोगिकांची धाडसी, अशी एक विभागणी सर्रास केली जाते. ती मला तितकीशी पटत नाही. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन (पीडीए) सारखी संस्था उतरत असे. तीच पीडीए १९५१ साली भालबा केळकरांनी उभी केली, तिनेच १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले, आणि त्या नाटकावरून झालेल्या वादानंतर बाहेर पडलेल्या मंडळींनी पुढल्या वर्षी थिएटर अकॅडमी स्थापन केली. म्हणजे हौशी आणि प्रायोगिक यांचे मूळ पुण्यात तरी एकच आहे. आजही स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत एखादे नाटक असे निघते की प्रेक्षक मध्यंतरात चहाला जायचे विसरतात, आणि प्रायोगिक म्हणून मिरवणारे एखादे नाटक असे निघते की मध्यंतर नसल्याचे दुःख होते.

जागेचा फरक मात्र खरा आहे. सुदर्शन रंगमंचावर किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृहात पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाचा श्वास ऐकू येतो. तिथे आवाज फेकावा लागत नाही, नुसते डोळे वळवले तरी पुरते, आणि खोटेपणा तत्काळ पकडला जातो. भरत नाट्य मंदिरात, जिथे स्पर्धेचे पुणे केंद्र भरत आले आहे, तुमचे वाक्य शेवटच्या रांगेतल्या आजोबांपर्यंत पोहोचले नाही तर ते ‘मोठ्याने’ असे म्हणून मोकळे होतात. अभिनयाचे बारकावे शिकायचे असतील तर छोटा रंगमंच चांगला, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. दम आणि आवाज कमवायचा असेल तर भरतसारखे घर नाही.

स्पर्धेच्या नाटकाचा सर्वांत मोठा दोष म्हणून जो सांगितला जातो तो म्हणजे त्याचा एकच प्रयोग. दोन-अडीच महिने तालमी करायच्या, सकाळपासून फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) आणि लेव्हल (चौथरे) चढवून सेट लावायचा, संध्याकाळी तिसरी घंटा झाली की परीक्षकांसमोर नाटक करायचे आणि रात्री तोच सेट खिळे उपटून टेम्पोत भरायचा. केंद्रावर पहिले आले तर अंतिम फेरीचा एक प्रयोग अधिक मिळतो, नाहीतर रौप्यपदक किंवा गुणवत्ता प्रमाणपत्र यांवर समाधान मानायचे. शासनाकडून सादरीकरणाचा काही खर्च मिळतो, उरलेला वर्गणीतून आणि पदरमोड करून भागवावा लागतो. याउलट प्रायोगिक गटाचे नाटक महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उभे राहते, दहाव्या प्रयोगाला भूमिका अंगात मुरते आणि पहिल्या प्रयोगात निसटलेली जागा नंतर सापडते. हा मुद्दा इतका बिनतोड आहे की केवळ याच्या बळावर प्रायोगिक गटाकडे जावे असा सल्ला मी एके काळी देत असे.

माझे मत फिरले ते तारखेपायी. नाटकाच्या गुणवत्तेशी या कारणाचा काही संबंध नाही, आणि कोणाला ते क्षुल्लकही वाटेल.

ज्या प्रायोगिक गटात मी काम केले तिथले नाटक उत्तम बसले होते. अडचण एवढीच होती की मुख्य भूमिका करणारा नट मालिकेत काम करत होता, त्याचे शूटिंग ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर चाले आणि त्याला पुढच्या आठवड्याच्या तारखा आधल्या आठवड्याच्या शेवटी कळत. त्यामुळे आमच्या तालमीचे वेळापत्रक म्हणजे दर शुक्रवारी रात्री फोनवर येणारी एक मतचाचणी असे: शनिवारी पाच, रविवारी सकाळी नऊ की रविवारी रात्री आठ? सर्वांनी मत नोंदवावे. आम्ही मत नोंदवत असू. मग शनिवारी दुपारी निरोप येई की त्याचा कॉल वाढला आहे, तरी उरलेल्यांनी जमावे, त्याच्या जागी कोणीतरी वाचेल. उरलेले जमत. त्याची वाक्ये संहिता हातात धरून दिग्दर्शकाची सहाय्यक वाचून दाखवी आणि मी तिच्याकडे पाहून धाकट्या भावावर चिडण्याचा प्रयत्न करी. ती बिचारी अगदी सपाट वाची, कारण तिला तसेच सांगितलेले होते. एका बाजूने चिडणे आणि दुसऱ्या बाजूने घोषणा ऐकल्यासारखे वाचन, हा प्रकार काही आठवडे चालला की आपली वाक्येही हळूहळू सपाट होऊ लागतात.

हेही सोसता आले असते. प्रयोगाच्या तारखेचेही तेच होते, आणि ते मला सोसवले नाही. मी बँकेत काम करतो. आमच्याकडे रजा मागायची तर शाखाधिकाऱ्यांना निदान आठ-पंधरा दिवस आधी सांगावे लागते, आणि मार्चअखेर किंवा सहामाही अखेर जवळ असेल तर सांगूनही उपयोग नसतो. मी रजेचा अर्ज देई, शाखाधिकारी कुरकुरत सही करीत, आणि मग प्रयोग पुढे गेल्याचे कळे. ती रजा रद्द करून नव्या तारखेची मागायची; ती तारीखही सरकायची. पुढे पुढे शाखाधिकारी माझा अर्ज हातात घेण्यापूर्वीच ‘नाटक नक्की आहे ना, साहेब?’ असे विचारू लागले, आणि त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नसे. गटातील तरुण मंडळींना याचे काही वाटत नव्हते, कारण त्यांच्यापैकी बरेचसे स्वतःच मालिकेच्या बोलावण्याची वाट पाहत होते आणि त्यांच्या लेखी तारीख ही सरकणारीच वस्तू होती. त्या नटाचाही दोष म्हणवत नाही. त्याचे पोट मालिकेवर होते, नाटकावर नव्हते.

स्पर्धेत हा प्रश्नच उद्भवत नाही. वेळापत्रक कधी कधी उशिरा जाहीर होते, वर्षागणिक थोडेफार मागेपुढेही होते, हे मान्य. पण प्राथमिक फेऱ्या साधारणपणे दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, आणि एकदा केंद्राचे वेळापत्रक हाती आले की तुमच्या नाटकाचा दिवस ठरला तो ठरला. नायकाला ताप आला, नेपथ्यकाराचा टेम्पो बंद पडला, नायिकेच्या घरी लग्न निघाले, तरी त्या संध्याकाळी पडदा उघडतो. त्या एका तारखेपासून सगळे मागे मोजत येतात: रंगीत तालीम कधी, हातातली संहिता सोडायची कधी, हालचाली बसल्या पाहिजेत कधी. गणपतीचे दहा दिवस पेठांतून वाट काढणे अशक्य होते म्हणून तालीम बंद, हेसुद्धा त्या हिशेबात आधीच धरलेले असते. आमच्या संस्थेत खडूने फरशीवर दारे आणि पायऱ्या आखून घेतात, आणि पाठांतर ज्या दिवशी व्हायचे त्या दिवशी दिग्दर्शक सर्वांच्या संहिता गोळा करून स्वतःच्या पिशवीत टाकतात. त्या पिशवीचा धाक मला कोणत्याही अभिनय-शिबिरापेक्षा अधिक उपयोगी पडला, असे माझे नम्र मत आहे.

एकाच प्रयोगाची खंतही मग मला पूर्वीइतकी टोचेनाशी झाली. प्रायोगिक गटात कागदावर अनेक प्रयोग असतात, पण नोकरदार माणसाला त्यातले किती करता येतात हा प्रश्न उरतोच. तारीख जुळली नाही की तुमच्या जागी रिप्लेसमेंट उभी राहते, आणि ती उभी राहिली की पुढच्या वेळी तीच उभी राहण्याचा संभव असतो. त्यापेक्षा हक्काचा एक प्रयोग बरा, असे मला वाटू लागले आहे. अर्थात हा एका बँक कर्मचाऱ्याचा हिशेब आहे. ज्याचे वय पंचविशीच्या आत आहे, ज्याला पुढे या क्षेत्रातच जायचे आहे, किंवा ज्याला संध्याकाळ कोणाला विचारून घ्यावी लागत नाही, त्याने प्रायोगिक गटाचीच ऑडिशन द्यावी. तिथे जे ऐकायला मिळते, ज्या तऱ्हेची नाटके वाचली जातात, प्रकाश आणि अवकाश यांचा जो विचार केला जातो, तो स्पर्धेच्या धावपळीत सहसा होत नाही. सगळेच प्रायोगिक गट तारखेच्या बाबतीत असे ढिले असतात असेही नाही. सहा महिन्यांचे प्रयोग आधी जाहीर करून ते पाळणारा एक गट मला ठाऊक आहे, आणि त्यांनी कधी बोलावले तर माझा निश्चय डळमळेल.

गोव्यातील वाचकांना ही निवड थोडी वेगळी दिसेल, कारण तिथे कला अकादमीच्या मराठी नाट्य स्पर्धेभोवती गावोगावच्या संस्था उभ्या आहेत आणि तारखेची शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे.

ज्यांना स्पर्धेच्या बाजूने जायचे आहे त्यांनी आषाढातच एखाद्या संस्थेशी बोलून ठेवावे. श्रावण संपेपर्यंत भूमिका वाटून झालेल्या असतात आणि मग खरोखरच संगीत ऑपरेट करण्यावाचून काही उरत नाही. पहिल्या वर्षी जे मिळेल ते घ्यावे, सेट लावायला सकाळी वेळेवर जावे आणि सेट काढायला रात्री थांबावे; दुसऱ्या वर्षीच्या वाचनात कोणती संहिता कोणाच्या हाती द्यायची हे पुष्कळदा त्यावरून ठरते. ज्यांना प्रायोगिक गटाकडे जायचे आहे त्यांनी ऑडिशन आटोपल्यावर, निवड झाल्याचे कळण्याच्या आत, दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: थिएटरची तारीख पैसे भरून नक्की केली आहे का, आणि मुख्य भूमिका करणाऱ्याची सध्या एखादी मालिका चालू आहे का. दुसरा प्रश्न थोडा आगाऊ वाटतो खरा. मी तो आता हसत हसत, पण न चुकता विचारतो.