वकिलीच्या पहिल्या वर्षाची ऑनलाइन शिकवणी : आठ महिन्यांचा अनुभव आणि कलम ३०२

मुलीच्या एलएल.बी.च्या पहिल्या वर्षासाठी घेतलेल्या ऑनलाइन शिकवणीचे नूतनीकरण आताच केल्यास सवलत मिळेल, असा संदेश गेल्या आठवड्यात आला, आणि तो वाचून हा अनुभव लिहायला बसलो. कंपनीचे नाव देत नाही. वर्षाची वर्गणी ७,५०० रुपये, ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, पंधरवड्यातून एकदा मार्गदर्शकाशी अर्धा तास बोलणे आणि सत्राला सहा उत्तरे तपासून मिळणे, एवढ्यावरून योजना कोणत्या प्रकारची ते जाणकारांना कळेल.

करार कायद्याची व्याख्याने चांगली आहेत. अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीने, केलेला करार मुळातच रद्दबातल, हे सांगणारा १९०३ चा मोहोरी बीबी खटला तर मलाही समजला, आणि मी आयुष्यभर टपाल खात्यात शिक्के मारले आहेत. अपकृत्य कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा विषय, तोही ठीक.

तक्रार आहे ती फौजदारी कायद्याची. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. व्याख्याने मात्र त्याआधीची आहेत, आणि ही गोष्ट पडद्यावर कोठेही लिहिलेली नाही. मुलीने अंतर्गत परीक्षेत खुनाच्या शिक्षेसाठी विश्वासाने ३०२ लिहिले. प्राध्यापकांनी लाल शाईने शेरा मारला, ‘नव्या संहितेत हे कलम धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांसाठी आहे.’ खुनाची व्याख्या आता १०१ मध्ये आणि शिक्षा १०३ मध्ये आहे. फसवणूक ३१८ मध्ये गेली. ज्या आकड्यावरून आपण माणसाला चारसोबीस म्हणतो, तो आकडाच नव्या संहितेत नाही, कारण ५११ कलमांच्या जागी आता ३५८ कलमे आहेत. ज्यासाठी महिना ६२५ रुपये पडतात, त्या शिकवणीने हे पहिल्याच तासाला सांगायला हवे होते.

ग्राहक सेवेला तीन वेळा लिहिले. पहिल्या दोन वेळा ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या वेळी कळवण्यात आले की विद्यार्थ्यांना जुनी कलमेही माहीत असणे आवश्यक आहे. मी पैसे परत मागण्याच्या बेतात होतो.

येथे मला माझे मत थोडे बदलावे लागले, आणि ते बदलले ते मार्गदर्शक ताईंमुळे. त्या सत्र न्यायालयात काम करतात. पंधरवड्याचा तो अर्धा तास म्हणजे पानातली चटणी, असे मी समजत होतो. त्यांनी मुलीला सतरा वर्षांच्या मुलाचा प्रश्न घातला होता. त्याने वय लपवून उधारीवर मोबाइल घेतला आणि आता तो पैसे देत नाही. मुलीने करार कायद्याचे कलम ११ (करार करण्यास कोण पात्र) आणि मोहोरी बीबी यांवर दोन पाने भरली. ताईंनी खाली लिहिले, ‘पाठांतर उत्तम आहे. दुकानदाराला काय मिळणार? मोबाइल अजून मुलाकडेच असेल तर?’ त्यानंतर मुद्दा कोणता, नियम कोणता, या वस्तुस्थितीला तो कसा लागतो आणि म्हणून निष्कर्ष काय, या क्रमाने लिहिण्याची सवय त्यांनी तिला लावली. सहाव्या उत्तरापर्यंत पानांची संख्या निम्मी झाली आणि गुण वाढले. पहिल्या वर्षाच्या मुलांना नेमके हेच कोणी शिकवत नाही.

कलमांबाबतही ताईंनी सांगितले की १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या संहितेखालीच चालतात, आणि नानावटी खटल्याचा १९६१ चा निकाल वाचायचा तर जुन्या संहितेतील कलम ३०० चा पहिला अपवाद (गंभीर आणि अचानक प्रक्षोभ) समजलाच पाहिजे. म्हणजे कंपनीचे उत्तर खोटे नव्हते. तरीही ते उत्तर नव्हते, पळवाट होती. जुने शिकवायचे असेल तर ते जुने आहे असे सांगावे, एवढीच माझी मागणी आहे.

मुलीने साठ रुपयांच्या वहीत डावीकडे जुनी आणि उजवीकडे नवी कलमे लिहून काढली. अधिनियमांचा अधिकृत मजकूर इंडिया कोडच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यांतील काहींचे मराठी अनुवादही तेथे आहेत. हे आधी ठाऊक असते तर वर्गणी भरण्यापूर्वी मी दोनदा विचार केला असता.

फक्त मार्गदर्शन आणि उत्तर तपासणी वेगळी मिळेल का, असे नूतनीकरणाच्या संदेशाला उत्तर म्हणून विचारले. जाहिरातीत नसलेला हा पर्याय २,४०० रुपयांत मिळतो, असे चौथ्या दिवशी कळले. तेवढे भरले आहेत. खुनाचे व्याख्यान आज सकाळी पुन्हा उघडून पाहिले. फळ्यावर अजून ३०२ च आहे.